यांत्रिक घड्याळाची सर्व्हिसिंग: पहिल्या तपासणीपासून पाण्याच्या चाचणीपर्यंत

घड्याळ वेळ बरोबर दाखवते आहे, म्हणजे ते आतून ठीक आहे, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे आणि महागड्या यांत्रिक घड्याळांचे सर्वांत जास्त नुकसान तीच करते. आतले तेल वाळले तरी घड्याळ लगेच थांबत नाही. मेनस्प्रिंगचा, म्हणजे घड्याळाला ताकद देणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीचा, जोर पुरेसा असल्यामुळे ते कोरड्या अवस्थेतही पुढे बराच काळ चालत राहते आणि त्या काळात चाकांचे पोलादी पिव्होट, म्हणजे आसाची बारीक टोके, ती ज्यांत फिरतात त्या माणकांच्या छिद्रांत घासून झिजतात. ताशी २८,८०० ठोके देणारे मशीन (घड्याळाची आतली यंत्रणा) दिवसाला ६,९१,२०० ठोके देते, म्हणजे वर्षाला २५ कोटींहून अधिक. एवढ्या हालचालीत कोरडा पिव्होट किती सोसेल, याची कल्पना त्यावरून यावी. त्यामुळे बंद पडल्यावर आणलेल्या घड्याळाला नुसती साफसफाई क्वचितच पुरते, बहुधा काही भाग बदलावे लागतात.

रोलेक्स आपल्या घड्याळांसाठी साधारण दहा वर्षांची आणि ओमेगा पाच ते आठ वर्षांची मुदत सांगते. तेलाच्या दृष्टीने ही मुदत योग्य आहे. मुंबईत मात्र घाम, खारट हवा आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा यांचा पहिला मारा डबीच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगांवर होतो, म्हणून रिंगा आणि पाण्याची चाचणी दरवर्षी पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यातच करून घ्यावी असे माझे ठाम मत आहे.

जाणत्या कारागिराच्या हाताखाली हे काम शिकणाऱ्यांसाठी, तसेच आपले घड्याळ कोणाच्या हाती द्यावे हे समजून घेऊ पाहणाऱ्या मालकांसाठी पुढील माहिती लिहिली आहे. शिकणाऱ्याने सुरुवात किमती घड्याळावर करू नये. एचएमटी जनतासारखे १७ माणकांचे, रोज चावी द्यावी लागणारे घड्याळ घ्यावे आणि ते न पाहता जोडता येईल इतक्या वेळा उघडून पुन्हा बसवावे. चिमट्याचा दाब बोटांना त्यातूनच कळू लागतो.

उघडण्यापूर्वी

कामाचा निम्मा निर्णय मागचे झाकण उघडण्याआधीच होतो. घड्याळ कधीपासून पुढे किंवा मागे जाते आहे, ते पडले होते का, लोकलच्या गर्दीत कुठे आपटले का, पाण्यात गेले होते का, शेवटची सर्व्हिसिंग केव्हा झाली, हे मालकाला शांतपणे विचारावे आणि उत्तरे लिहून ठेवावीत. डबी, काच, पट्टा आणि डायल यांचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि प्रत्येक ओरखडा मालकासमोरच नोंदवावा. चोर बाजारातून किंवा जुन्या संग्रहातून आलेल्या घड्याळाच्या बाबतीत डायल नव्याने छापलेली आहे का, काटे त्याच मॉडेलचे आहेत का आणि मशीन दुसऱ्याच घड्याळाचे बसवलेले नाही ना, हे पाहून स्पष्ट शब्दांत सांगावे. हे ऐकणे मालकाला आवडत नाही, पण काम पूर्ण झाल्यावर ते उघडकीस येण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

१९६० पूर्वीच्या अंधारात चमकणाऱ्या डायलवरचा रंग रेडियमचा असू शकतो. तो कधीही खरवडू नये, त्यावर फुंकर मारू नये आणि त्याची भुकटी टेबलावर पडू देऊ नये, कारण रंगाची चमक गेली तरी किरणोत्सर्ग गेलेला नसतो.

यानंतर घड्याळ टाइमग्राफरवर ठेवावे. हे यंत्र घड्याळाचा आवाज ऐकून तीन गोष्टी सांगते: दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे, झोके घेऊन वेळ मोजणारे बॅलन्स चाक मध्यापासून एका बाजूला किती अंश झोका घेते, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड, आणि दोन्ही बाजूंच्या झोक्यांतला वेळेचा फरक, ज्याला बीट एरर म्हणतात. यंत्रात त्या मशीनचा लिफ्ट अँगल, म्हणजे ठोक्याच्या वेळी बॅलन्स जितके अंश फिरतो तो कोन, बरोबर भरलेला नसेल तर अ‍ॅम्प्लिट्यूडचा आकडा चुकीचा येतो. बहुतेक मशीनसाठी तो ५० ते ५२ अंशांच्या आसपास असतो, तर ओमेगाच्या को-अ‍ॅक्सिअल मशीनसाठी ३८ अंश धरतात.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले असेल तर आधी चुंबकत्व तपासावे. मोबाइलचे कव्हर, इअरफोनची डबी, पर्सचे चुंबकी बटण यांच्यामुळे हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेटोळे एकमेकांना चिकटतात, ती जणू आखूड होते आणि बॅलन्स वेगाने फिरू लागतो. डिमॅग्नेटायझरवर काही सेकंदांत हा दोष जातो. अशा घड्याळाला पूर्ण सर्व्हिसिंगची गरज आहे असे सांगून पैसे घेणे हा सरळ सरळ अन्याय आहे.

मशीन सोडवणे

खोली बंद असावी, पंखा बंद असावा आणि पावसाळ्यात एसी किंवा हवा कोरडी करणारे यंत्र चालू असावे. रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवून काम करणाऱ्याने कितीही स्वच्छता केली तरी जोडताना धूळ पुन्हा आत जातेच. बोटांना रबरी टोप्या घालाव्यात, कारण घामाचा ठसा पोलादावर आणि पॉलिश केलेल्या ब्रिजवर (चाके वरून धरणाऱ्या पट्ट्यांवर) गंज व डाग धरतो.

मागचे झाकण त्याच्या खाचांना तंतोतंत बसणाऱ्या हत्याराने उघडावे. स्टेम, म्हणजे चावीची दांडी, सोडवताना तिची पिन किंवा स्क्रू हलकेच आणि नेमका तेवढाच दाबावा. काही मशीनमध्ये जास्त दाबल्यास चावीची यंत्रणा जागेवरून सरकते आणि ती परत बसवण्यासाठी डायल काढावी लागते. काटे काढताना डायलवर पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवावा. ऑटोमॅटिक घड्याळाचा रोटर (हाताच्या हालचालीने फिरून स्प्रिंग भरणारे वजन) आणि त्याची चाके आधी बाजूला काढावीत.

यापुढची पायरी कोणत्याही घाईत वगळू नये: मेनस्प्रिंगमधला ताण पूर्ण उतरवणे. चावी बोटांत धरून क्लिक, म्हणजे उलट फिरणे रोखणारी खुंटी, बाजूला सारावी आणि चावी हळूहळू उलट फिरू द्यावी. ताण शिल्लक असताना पॅलेट, म्हणजे चाकांना एकेक दात पुढे सोडणारा छोटा फाटा, काढले तर सगळी चाके सुसाट फिरतात आणि पिव्होट तुटतात. ताण उतरल्याची खात्री झाल्यावर बॅलन्स काढावा, मग पॅलेट, मग चाकांचा ब्रिज आणि शेवटी बॅरल, म्हणजे मेनस्प्रिंग ज्यात असते तो गोल डबा. बॅलन्स त्याच्या ब्रिजसह उचलताना तो हेअरस्प्रिंगला लोंबकळत फार वेळ ठेवू नये, तसेच त्याला हिसका बसू देऊ नये. वाकलेली हेअरस्प्रिंग सरळ करणे हे या धंद्यातले सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि आजही फार थोड्यांना ते जमते.

प्रत्येक थराचा फोटो काढावा आणि स्क्रू त्यांच्या ब्रिजसोबत वेगळ्या कप्प्यात ठेवावेत. स्क्रूड्रायव्हरचे पाते खाचेच्या लांबी-रुंदीला बरोबर बसणारे हवे. खाचा खराब झालेले स्क्रू हा आधीच्या कारागिराने घाई केल्याचा पुरावा असतो आणि पुढचा कारागीर तो पहिल्या नजरेतच ओळखतो.

धुणे आणि तपासणे

मशीन न सोडवता तसेच पेट्रोलमध्ये बुडवायचे, वाळवायचे आणि वरून तेलाचा थेंब द्यायचा, अशी पद्धत अनेक ठिकाणी चालते आणि तिलाही सर्व्हिसिंगच म्हटले जाते. त्यात घाण बाहेर न येता विरघळून माणकांच्या छिद्रांत शिरते आणि तिथेच वाळते. घड्याळ काही दिवस छान चालते, मग पूर्वीपेक्षा वाईट. कमी पैशांत, तासाभरात सर्व्हिसिंग करून मिळत असेल तर ती अशीच होते हे मालकांनी ओळखावे.

योग्य पद्धतीत चाके, ब्रिज आणि मुख्य प्लेट वेगवेगळ्या जाळीदार टोपल्यांत ठेवून आधी साफ करणाऱ्या द्रावणात, मग दोन वेळा स्वच्छ द्रवात धुतात आणि कोमट हवेत वाळवतात. त्याआधी प्रत्येक माणकाच्या छिद्रात टोकदार केलेली लाकडी काडी फिरवून वाळलेले तेल मोकळे करावे; काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत तिचे टोक पुन्हा पुन्हा तासावे लागते. पॅलेटचे दगड आणि बॅलन्सच्या रोलरवरचे (आसावरच्या चकतीवरचे) माणिक शेलॅकने, म्हणजे लाखेने, चिकटवलेले असतात आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून हे दोन भाग अल्कोहोलमध्ये ठेवून विसरू नयेत. त्यांच्यासाठी वेगळा, शेलॅकला न लागणारा द्रव वापरावा.

वाळलेले भाग जास्त क्षमतेच्या भिंगाखाली पाहावेत. पिव्होट आरशासारखा गुळगुळीत हवा. त्यावर खोबण दिसली तर तो पॉलिश करावा किंवा चाक बदलावे. मेनस्प्रिंगच्या बाबतीत माझा नियम साधा आहे: प्रत्येक पूर्ण सर्व्हिसिंगला ती नवी घालावी, कारण तिची किंमत पूर्ण कामाच्या मानाने कमी असते आणि ताकद कमी झालेली स्प्रिंग बाकी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. ती वाइंडरने किंवा तयार वळवून आलेल्या रिंगेतूनच बॅरलमध्ये बसवावी. हाताने भरलेली स्प्रिंग शंकूसारखी तिरपी होते आणि बॅरलच्या झाकणाला घासते.

मूळ सुट्या भागांचा प्रश्न मालकाला आधीच समजावून सांगावा लागतो. बऱ्याच मोठ्या कंपन्या आपले भाग फक्त मान्यताप्राप्त वर्कशॉपलाच देतात. स्वतंत्र कारागीर कितीही निपुण असला तरी भाग मिळणार नसेल तर घड्याळ कंपनीच्या केंद्राकडे पाठवण्याचा सल्ला देणे हेच त्याचे कर्तव्य ठरते. दुसऱ्या मॉडेलचा भाग घासून बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

जोडणी आणि तेल

सर्व्हिसिंगचे खरे मर्म तेलात आहे, आणि तेलाच्या बाबतीत जास्त देणे हे कमी देण्याइतकेच हानिकारक आहे. माणकाच्या छिद्राभोवती एक उथळ वाटी कोरलेली असते. तेल त्या वाटीत केशाकर्षणामुळे पिव्होटभोवती धरून राहते. वाटी अर्धी किंवा फार तर दोन तृतीयांश भरावी. ती काठोकाठ भरली तर तेल प्लेटवर ओघळते, आणि एकदा ओघळू लागलेले तेल उरलेल्या तेलालाही आपल्याबरोबर ओढून नेते. परिणामी सर्वांत जास्त तेल दिलेले माणिकच काही महिन्यांत सर्वांत कोरडे सापडते.

एकच तेल सगळीकडे चालत नाही. बॅरलचा आस आणि मधले चाक हळू फिरतात आणि त्यांच्यावर दाब जास्त असतो, म्हणून तिथे एचपी १३०० सारखे घट्ट तेल लागते. एस्केप चाक (पॅलेटला ढकलणारे चाक) आणि बॅलन्स यांचे पिव्होट बारीक आणि वेगवान असतात, तिथे मोबियस ९०१० सारखे पातळ तेल द्यावे. घट्ट तेल तिथे गेले तर अ‍ॅम्प्लिट्यूड लगेच पडते. पॅलेटच्या दगडांसाठी मोबियस ९४१५ वापरतात. हे स्थिर असताना ग्रीससारखे राहते आणि एस्केप चाकाच्या दाताचा आघात होताच क्षणभर पातळ होते, त्यामुळे ते जागेवरून उडत नाही. ते दगडाच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर सूक्ष्म प्रमाणात देऊन एस्केप चाक काही दात पुढे जाऊ द्यावे, मग पुन्हा थोडे द्यावे, म्हणजे सगळ्या दातांवर सारखा थर बसतो. तेल पसरू नये म्हणून दगडांना आणि एस्केप चाकाला आधी एपिलामचा पातळ लेप देणे चांगले.

ऑटोमॅटिक घड्याळात मेनस्प्रिंग पूर्ण भरली की तिचे बाहेरचे टोक बॅरलच्या भिंतीवर सरकते, नाहीतर रोटरमुळे तिच्यावर अति ताण येईल. या भिंतीला खास ब्रेकिंग ग्रीस लावतात. साधे ग्रीस लावले तर स्प्रिंग वेळेआधीच सरकते, पूर्ण ताण कधीच भरत नाही आणि रात्री काढून ठेवलेले घड्याळ सकाळी बंद सापडते. मालकाला हा दोष रोटरचा वाटतो.

१९३४ पासून वापरात असलेल्या इन्काब्लॉकसारख्या धक्कारोधक रचनेत बॅलन्सच्या पिव्होटवर एक सपाट माणिक असते. वीणेच्या आकाराची बारीक स्प्रिंग उघडून हे माणिक काढावे, धुवावे, त्याच्या मध्यभागी तेलाचा एक नेमका थेंब ठेवावा आणि छिद्राचे माणिक त्यावर बसवावे. भिंगातून पाहिल्यास थेंबाचे वर्तुळ स्पष्ट दिसते. ते माणकाच्या व्यासाच्या निम्म्याहून थोडे मोठे आणि मध्यभागी असावे.

कुठे तेल देऊ नये, हेही तितकेच पाठ असावे. चाकांच्या दातांना तेल देत नाहीत, हेअरस्प्रिंगला तेलाचा स्पर्शही चालत नाही आणि पॅलेटचे पिव्होट बहुतेक मशीनमध्ये कोरडेच ठेवतात, कारण त्यांची हालचाल इतकी लहान असते की तेलाच्या चिकटपणाने फायद्यापेक्षा तोटा अधिक होतो. जॉर्ज डॅनिअल्स यांनी शोधलेली आणि १९९९ पासून ओमेगा वापरत असलेली को-अ‍ॅक्सिअल रचना वेगळी आहे. तिला नेहमीच्या सवयीने तेल देणे चूक ठरते. अशा प्रत्येक मशीनचे कंपनीचे तांत्रिक पत्रक समोर ठेवूनच काम करावे, मग अनुभव कितीही असो.

चाके बसवताना ब्रिज बोटाने हलका दाबून धरावा आणि सर्व पिव्होट आपापल्या छिद्रांत गेल्याची खात्री झाल्याशिवाय स्क्रू आवळू नये. त्यानंतर बॅरल किंचित फिरवला की सगळी चाके सहज फिरून थांबली पाहिजेत. इथे जरासाही अडथळा जाणवला तर पुढे जाऊ नये. बॅलन्स शेवटी बसवावा. मेनस्प्रिंगमध्ये थोडा ताण भरलेला असेल तर तो जागेवर येताच आपोआप झोके घेऊ लागतो.

वेळ जुळवणे

जोडल्याबरोबर घेतलेला आकडा अंतिम मानू नये. तेल पसरून स्थिर व्हायला निदान एक दिवस द्यावा. पूर्ण चावी भरून, डायल वर ठेवून अ‍ॅम्प्लिट्यूड साधारण २७० ते ३१० अंश असावे. नुकत्याच तेल दिलेल्या घड्याळात ते २५० च्या खाली असेल तर कुठेतरी घर्षण, चुकीचे तेल किंवा कमजोर स्प्रिंग आहे, आणि ते कारण शोधणे भाग आहे. केवळ रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करणारा काटा) सरकवून सेकंद जुळवता येतात, पण तसे केले तर आजार झाकला जातो आणि काही महिन्यांत घड्याळ परत येते. ३३० अंशांच्या वर गेलेले अ‍ॅम्प्लिट्यूडही वाईटच, कारण मग रोलरचे माणिक पॅलेटच्या शिंगावर बाहेरून आदळते आणि घड्याळ एकदम वेगाने पुढे पळते.

घड्याळ पाच स्थितींत मोजावे: डायल वर, डायल खाली आणि चावीच्या तीन उभ्या दिशा. उभ्या स्थितीत पिव्होटच्या कडा घासत असल्याने अ‍ॅम्प्लिट्यूड काही अंशांनी कमी होतेच. स्वित्झर्लंडची सीओएससी संस्था क्रोनोमीटरची, म्हणजे अचूकतेच्या प्रमाणपत्रासाठी आलेल्या घड्याळांची, चाचणी १५ दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस तापमानांत घेते आणि दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद एवढीच सूट देते. वर्कशॉपमध्ये तेवढी कडक चाचणी होत नाही, तरी मोजमाप २४ तासांनी, स्प्रिंगचा ताण कमी झाल्यावर, पुन्हा घेतल्याशिवाय काम संपले असे मानू नये.

रेग्युलेटरचा काटा नसलेल्या घड्याळांत, उदाहरणार्थ रोलेक्सच्या मायक्रोस्टेला नट असलेल्या बॅलन्समध्ये, वेळ खास हत्याराने समोरासमोरचे नट सारख्या प्रमाणात फिरवूनच जुळवावी लागते. हे हत्यार नसणाऱ्याने ते काम स्वीकारू नये.

डबी, रिंगा आणि पाणी

मशीन बाहेर असतानाच डबी आणि धातूचा पट्टा अल्ट्रासॉनिक यंत्रात (ध्वनिलहरींनी घाण सुटी करणाऱ्या) धुवावा. पॉलिशच्या बाबतीत मी आग्रहाने सांगतो की मालकाची लेखी परवानगी असल्याशिवाय पॉलिशचे चाक लावू नये. प्रत्येक पॉलिश धातूचा थर काढते, कानांच्या (पट्टा जोडला जातो त्या डबीच्या टोकांच्या) धारदार कडा गोल होतात आणि जुन्या घड्याळाची किंमत त्यामुळे कायमची उतरते.

झाकण, काच आणि चावी यांच्या रिंगा नव्या घालाव्यात आणि त्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. मग आधी हवेची कोरडी चाचणी करावी. तीत नापास झालेले घड्याळ पाण्याच्या चाचणीत घालू नये. शेवटी घड्याळ ४० ते ४५ अंशांवर गरम करून काचेवर थंड पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवावा. आतून धुके दिसले तर ओलावा आत राहिलेला आहे आणि झाकण पुन्हा उघडावे लागेल. पावसाळ्यात दमट खोलीत बंद केलेल्या घड्याळांत हे हमखास दिसते.

सुपूर्द करण्यापूर्वी घड्याळ काही दिवस फिरत्या यंत्रावर चालवावे आणि नंतर पूर्ण भरून स्थिर ठेवून ते किती तास चालते ते पाहावे. ईटीए २८२४-२ सुमारे ३८ तास, तर रोलेक्स ३१३५ सुमारे ४८ तास चालायला हवे. आधीचे व नंतरचे आकडे आणि बदललेले जुने भाग मालकाच्या हाती द्यावेत. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारीख हाताने बदलू नये, कारण तेव्हा तारखेची चाके एकमेकांत अडकलेली असतात, आणि ३० मीटर लिहिलेले घड्याळ पोहण्यासाठी नसते, हेही त्यांना सांगावे.

समुद्राचे पाणी शिरले तर

गणपती विसर्जनानंतर गिरगाव किंवा जुहूच्या चौपाटीवर भिजलेली घड्याळे दरवर्षी येतात, आणि बरीचशी दोन-तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवून मग आणलेली असतात. तांदूळ पाणी थोडेफार शोषेल, मीठ मात्र आतच राहते आणि पोलादाचे भाग काही तासांतच गंजू लागतात. मालकाने चावी देऊ नये, काटे फिरवू नयेत, घड्याळ उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली ठेवू नये आणि शक्य तर त्याच दिवशी कारागिराकडे न्यावे. कारागिराने मशीन ताबडतोब सोडवावे. डायल आणि काटे वेगळे करावेत, कारण त्यांवरची छपाई द्रवांना टिकत नाही. बाकीचे भाग आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवावेत, कारण मीठ पेट्रोलमध्ये विरघळत नाही, ते पाण्यातच विरघळते. त्यानंतर पॅलेट आणि बॅलन्स बाजूला ठेवून उरलेल्या भागांतले पाणी अल्कोहोलने काढावे आणि ते लगेच कोमट हवेत वाळवावेत. एवढे त्या रात्रीच झाले, तर उरलेली सर्व्हिसिंग सवडीने, वर सांगितलेल्या क्रमाने करता येते.